पटलबंध

तनुजा तायडेचा उजवा ठोसा समोरच्या मुलीच्या कानशिलावर बसला, तेव्हा त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. रिंगच्या चारही खांबांत माइक बसवले होते ते त्यासाठीच. मुलगी हरियाणाची होती, अंगापिंडानं दांडगी. तिचं डोकं मागं झटकलं, गुडघे वाकले, पाठ दोरांवर टेकली. जुन्या बॉक्सिंगमध्ये अशा वेळी पंच मध्ये पडायचा. इथं तो नियमाप्रमाणं दोन पावलं मागं सरला. तनुजा पुढं झाली आणि मारत राहिली. पोटात, बरगड्यांवर, जबड्यावर, पुन्हा पोटात. मुलगी किंचाळली, माइकनं तेही टिपलं. शेवटी तिनं हात वर करून हार कबूल केली आणि नागपूरचं ते भरलेलं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.

थोड्या वेळानं दोघी कपडे बदलायच्या खोलीत शेजारीशेजारी बसून ताक पीत होत्या. मुलीच्या चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता. डोळा सुजलेला नाही, कान लाल नाही, अंगावर कुठं निळं-काळं नाही. फक्त घोट गिळताना ती डोळे मिटून घेत होती, कारण तिला दुखत होतं. बंध घेतला म्हणून दुखायचं थांबत नसे. शरीराचं नुकसान होत नसे, एवढंच.

औषधाचं पूर्ण नाव पटलबंध. खेळाडू नुसतं ‘बंध’ म्हणायचे. ते शोधलं डॉ. उत्तरा नाफडे यांनी, आणि ज्या मुलांचे स्नायू जरा चाललं तरी आतून फाटत जातात अशा मुलांसाठी शोधलं. त्यातली कितीतरी मुलं त्यावर उभी राहिली, शाळेत जायला लागली. मग ते अपघात विभागात गेलं, मग सैन्यात, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात अखंड लीग आली. डॉ. नाफडेंना लीग आवडत नव्हती. पण औषध नीट वापरलं जावं म्हणून त्या सल्लागार राहिल्या. दर हंगामाच्या सुरुवातीला त्या खेळाडूंना समोर बसवून सगळं समजावून सांगत.

“तुमची एकेक पेशी म्हणजे पाण्याच्या पिंपात सोडलेला पाण्याचा थेंब आहे,” त्या म्हणायच्या. “आतही पाणी, बाहेरही पाणी. तरी थेंब विरून जात नाही, कारण त्याच्याभोवती मेदाचं पटल आहे. मेदाच्या त्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपूट पाण्यापासून पळतं. म्हणून ते दोन थरांत उभे राहतात, शेपटांना शेपटं लावून. डोकी ओली, शेपटं कोरडी. कुणी ते शिवलेलं नाही, कुणी चिकटवलेलं नाही. भोवती पाणी आहे म्हणूनच ते टिकून आहे. अशी दहा-बारा हजार पटलं एकावर एक रचली तर वहीच्या कागदाएवढी जाडी होईल.”

मग त्या बोटांनी हवेत दारं उघडल्या-मिटल्यासारखं करीत. “भिंतीसारखं ते घट्ट नसतं. साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात ना, तसे रेणू सारखे सरकत असतात. मध्येमध्ये प्रथिनांची दारं. एक दार पोटॅशियमचं, एक सोडियमचं, एक साखरेचं. कॅल्शियमला तर फार जपून आत घेतात, कारण बाहेर ते आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. तुम्ही ठोसा मारलात की पटल फाटतं आणि कॅल्शियम लोंढ्यासारखं आत घुसतं. थोडं फाटलं तर पेशी आतल्या पिशव्या ओढून ठिगळ लावते. जास्त फाटलं तर ठिगळ पोचायच्या आत मरते. मेलेल्या पेशी, फुटलेल्या केशवाहिन्या, आत सांडलेलं रक्त. त्याला आपण मुका मार म्हणतो.”

“आणि बंध काय करतो, मॅडम?” कुणीतरी नवखी विचारायची.

“बंधाचा रेणू लांबट असतो. दोन्ही टोकांना पाणी आवडतं, मधल्या भागाला मेद. तो रक्तात नुसता हिंडत राहतो. जिथं पटल फाटून शेपटं उघडी पडली तिथं त्याचा मधला भाग जाऊन चिकटतो. भोक बुजतं. पेशी सावकाश आपली डागडुजी करते, आणि काम झालं की बंध आपोआप सुटून जातो. मेंदूतसुद्धा हेच. फक्त हाडाला तो उपयोगाचा नाही, म्हणून तुमचे ग्लोव्ह्ज जाड.”

पहिल्या वर्षी रोशनी डोंगरेनं हात वर करून विचारलं होतं, “म्हणजे मॅडम, आम्ही मरणारच नाही का?” सगळ्या हसल्या होत्या. डॉ. नाफडेही हसल्या, आणि म्हणाल्या, “तुम्ही मरावं अशी माझी इच्छा नाही.”

रोशनी आणि तनुजा अकोल्याच्या. शाळकरी वयात एकाच मैदानावर, एकाच सरांकडे त्यांनी बॉक्सिंग सुरू केलं. रोशनीचे वडील लवकर गेले होते. आई लीलाबाई कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवायची. सराव संपला की दोघी तिथं जाऊन जेवायच्या. रोशनी बुटकी, चपळ, तोंडानं सतत काहीतरी चालू. तनुजा उंच आणि अबोल. त्या काळात सराव करताना दोघी एकमेकींना जपून मारायच्या. कुठं थांबायचं हे हाताला ठाऊक असायचं. समोरचीचा चेहरा बघून खांदा आपोआप सैल पडायचा.

लीगमध्ये आल्यावर ते गेलं. पहिल्या हंगामात तनुजाला ठोसा पूर्ण सोडायला अवघड जायचं. लीगचे व्यवस्थापक कार्तिक मुळे तिला प्रत्येक लढतीचं चित्रण दाखवून सांगायचे, “इथं बघा, तुम्ही हात आवरला. कशासाठी? तिला काही होणार आहे का?” काही होत नव्हतं हे खरंच होतं. समोरची उठायची, हात मिळवायची, दुसऱ्या दिवशी पळायला यायची. हळूहळू तनुजाचा हात आवरायचं विसरला. पाचव्या हंगामात ती लीगची सगळ्यात जड हाताची खेळाडू होती.

जड हात रिंगपुरता राहिला नाही. हे तिच्या नवऱ्यानं, प्रफुल्लनं, तिच्याआधी ओळखलं.

प्रफुल्लचं अकोल्यात जठारपेठेत चष्म्याचं दुकान होतं. शांत माणूस. बारीक स्क्रू फिरवता फिरवता त्याचा स्वभावही बारीक झाला होता. मोठ्यानं तो क्वचितच बोलायचा. तनुजा दोन लढतींच्या मधल्या सुट्टीत घरी आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवण झाल्यावर त्यानं फ्रीजमधला बंधाच्या कुप्यांचा डबा काढून ओट्यावर ठेवला.

“हे आता बंद कर,” तो म्हणाला.

“काहून?”

“तू मागच्या हप्त्यात न्हाणीघराची कडी उपटली. परवा त्या कुत्र्याले हाकलाले लाथ मारली, ते मेलं.”

“मले काय माहीत ते मरन म्हणून.”

“तेच सांगून रायलो तुले. तुले माहीत नाही. पहिले माहीत असे.” त्यानं डब्याचं झाकण उघडलं. “मी हे मोरीत ओतून देतो. तुले राग येईन, येऊ दे. चार महिने खेळू नको. मग पाहू.”

“ठेव ते.”

“नाही ठेवत.”

त्यानं पहिली कुपी फोडली. पुढं काय झालं ते तनुजाला नंतर सलग आठवेना. कुपीची काच मोरीत वाजलेली आठवत होती, आणि मग प्रफुल्ल खाली पडलेला. तिनं ग्लोव्ह्ज नसलेल्या मुठीनं मारलं होतं, खांद्यापासून, कंबरेपासून, जसं ती रोज मारायची तसं. तो ओट्याच्या कडेला आपटून फरशीवर आडवा झाला होता. ती पाय रोवून, हात हनुवटीशी धरून, तो उठायची वाट बघत उभी राहिली. सगळ्या उठायच्या. तो उठला नाही. त्याचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि घशातून घरघर येत होती.

दवाखान्यात त्यानं कागदावर लिहून दिलं की न्हाणीघरात पाय घसरला. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तारांनी बांधलेल्या तोंडानं तो बहिणीकडे मूर्तिजापूरला गेला. जाताना तनुजानं त्याची बॅग उचलायला हात पुढं केला, तर त्याची मान मागं गेली. त्याला तसं करायचं नव्हतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. पण मान गेली.

तनुजानं कुणाला काही सांगितलं नाही. ती नागपूरला परतली आणि सरावाला लागली.

बाहेर त्या वर्षी काय चाललं होतं, ते सगळ्यांनाच दिसत होतं. बंध आता औषधाच्या दुकानातून मागच्या दारानं मिळायचा. हॉस्टेलांतली पोरं तो टोचून घेऊन गच्चीवर एकमेकांना तुडवायची आणि सकाळी वर्गात बसायची. लग्नाच्या वरातींत हाणामाऱ्या व्हायला लागल्या, कारण दुसऱ्या दिवशी कुणाच्याच अंगावर काही दिसत नसे. आणि मग त्या बायका यायला लागल्या, ज्यांना चहातून बंध दिला जात होता. नवीन बंध तोंडावाटेही घेता यायचा. त्या पोलीस ठाण्यात जाऊन रात्रभर मारलं म्हणून सांगायच्या, आणि अंगावर एक वळ नसायचा. अशी एक बाई डॉ. नाफडेंना भेटायला थेट प्रयोगशाळेत आली होती. तिनं दंडावरची बाही वर केली. गोरीपान, नितळ कातडी. “इथं पट्टा लागला होता,” ती म्हणाली, “तुम्हीच सांगा आता, मी कुणाला काय दाखवू?” डॉ. नाफडेंनी त्यानंतर तोंडी औषध बंद करा म्हणून सरकारकडे अर्ज केला. त्यावर बैठका चालू होत्या.

उपांत्य लढतीत तनुजा तायडेसमोर रोशनी डोंगरे येणार, हे जाहीर झालं तेव्हा अकोल्यात मोठमोठे फलक लागले. दोघी एका गावच्या, एका ताटात जेवलेल्या. मुळेंनी त्याची भरपूर जाहिरात केली. आधी त्या दोघी लीगमध्ये एकदाच एकमेकींसमोर आल्या होत्या, तेव्हा तनुजा जिंकली होती आणि नंतर दोघींनी मिळून पाणीपुरी खाल्ली होती.

लढतीच्या दिवशी दुपारी तनुजा कपडे बदलायच्या खोलीत गेली, तेव्हा रोशनी पाठमोरी उभी राहून टी-शर्ट काढत होती. दार वाजताच तिनं तो घाईनं पुन्हा खाली ओढला. पण तेवढ्यात तनुजाला तिच्या डाव्या बरगडीखाली काहीतरी दिसलं. हिरवट-पिवळा तळहाताएवढा डाग, आणि त्याच्या कडेला जांभळा. पाच वर्षांत तनुजानं कुणाच्या अंगावर असलं काही पाहिलं नव्हतं. आधी तिला वाटलं, रंग लागला असेल.

“काय हाय ते?”

“कुठी काय?”

“वर कर शर्ट.”

“पलंगाची दांडी लागली वं.”

तनुजानं स्वतःच शर्ट वर केला आणि डागावर बोट टेकवलं. रोशनीनं दात आवळले.

“पलंगाच्या दांडीनं आपल्याले असं होत नाही, रोशनी. तू बंध घेतला ना?”

“सकाळी तुझ्यासमोरच तर टोचला.”

“मग?”

रोशनी बाकावर बसली. तिचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं होतं. मग ती म्हणाली, “मले बी समजत नाही. महिना झाला. सरावात लागलं की डाग येते. आधी बारीक होता, आता मोठा येते. मी पावडर लावतो वरून.”

“नाफडे मॅडमले सांग. आत्ता.”

“आत्ता सांगितलं तर आत्ता बसवतीन. मग मी काय करू? मेसवर पोळ्या लाटू?” तिनं तनुजाचं मनगट धरलं. “आजची मॅच होऊ दे. आजचीच. जिंकलं काय अन् हारलं काय, उद्या सकाळी मी स्वतः जाईन मॅडमकडे. तुझी शपथ.”

तनुजानं दुसऱ्या हातानं तिचा शर्ट खाली ओढला.

“अन् तू मारशीन ना हळू?” रोशनी हसली. “येते ना तुले अजून हळू मारता? मैदानावर मारत होती तसं.”

“येते,” तनुजा म्हणाली.

हे तिनं म्हटलं तेव्हा प्रफुल्लचा जबडा जुळून यायला अजून अवकाश होता.

पहिली फेरी तिनं खरोखरच सांभाळली. ठोसे खांद्यावर, ग्लोव्ह्जवर, दंडांवर. आवाज होईल पण लागणार नाही असे. दहा हजार माणसं आधी कुजबुजली, मग शिट्ट्या मारायला लागली. मुळे रिंगशेजारच्या टेबलामागं उभे राहून दोन्ही हात पसरत होते. दुसऱ्या फेरीत रोशनी तिच्या अंगाला बिलगली आणि कानाशी म्हणाली, “लोकाईले समजून रायलं. थोडं मार.”

तनुजानं थोडं मारलं. रोशनीच्या तोंडून हवा निघाली, पण ती हसून मागं उडी मारून गेली आणि उलट तिनंच झपाझप दोन ठोसे दिले. रोशनी हळू मारत नव्हती. तिला लपवायचं होतं, म्हणून ती जिवावर उदार होऊन मारत होती. लोकांना ते आवडलं. तिचं नाव घुमायला लागलं.

तिसऱ्या फेरीत रोशनीचा डावा ठोसा तनुजाच्या उजव्या बरगड्यांखाली यकृतावर बसला. ज्याला तो बसला आहे त्यालाच ते कळतं. श्वास जातो, पाय जातात, सगळं शरीर एका जागी गोळा होतं. पाठोपाठ दुसरा हनुवटीवर आला. तनुजाच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यातून तिचा हात तिच्याआधी निघाला.

किती ठोसे मारले ते नंतर चित्रणात मोजता आलं. तिला पहिला आणि शेवटचा तेवढा आठवत होता. पहिल्यानं रोशनी दोरांवर गेली. मग दोरांनीच तिला उभं धरून ठेवलं. बरगड्या, पोट, कानशील, जबडा, पुन्हा कानशील. डोकं एका बाजूला गेलं की दुसरा हात त्याला परत आणायचा. पंच दोन पावलं मागं होता. लोक उभे होते. रोशनीचा उजवा हात वर यायला लागला होता, हार कबूल करायला. कोपरापर्यंत आलाही होता. तनुजाला तो दिसला. दिसला आणि तरी तिचा ठोसा सुटलेलाच होता. तो कानशिलावर बसला.

रोशनी तोंडावर पडली. सभागृहात टाळ्यांचा नुसता कल्लोळ झाला. कुणीच पुढं आलं नाही, कारण पडलेल्या सगळ्याच उठायच्या. पंचानं तनुजाचा हात धरून वर केला. तनुजानं तो हिसकून घेतला, ग्लोव्ह्ज दातांनी ओढून काढले आणि रोशनीला पाठीवर वळवलं. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, दुसऱ्याची लहान. अंगाला झटके येत होते.

“स्ट्रेचर आणा,” ती म्हणाली.

स्ट्रेचर नव्हतं. होतं, पण ते कुठल्याशा कोठीत कुलूपबंद होतं. पाच हंगामांत त्याची गरजच पडली नव्हती. रुग्णवाहिकेचा चालक बाहेर चहाला गेला होता. तनुजानं रोशनीला दोन्ही हातांवर उचललं आणि गर्दीतून वाट काढत दारापर्यंत नेलं. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. काहींनी तिच्या पाठीवर थाप मारली.

कवटीत रक्त साचलं होतं. ते काढलं, पण मेंदू फुगतच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनी डोंगरे वारली. लीलाबाई अकोल्याहून येऊन पोचल्या तेव्हा तिला चादरीनं झाकलेलं होतं.

डॉ. नाफडे रक्ताचे नमुने स्वतः घेऊन गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. तनुजा दवाखान्याच्या आवारात पाण्याच्या टाकीशेजारी बसली होती. डॉक्टर तिच्याजवळ तशाच जमिनीवर बसल्या.

“तिनं बंध घेतला होता,” त्या म्हणाल्या. “व्यवस्थित घेतला होता. पण तिचं शरीर त्याला ओळखायला लागलं होतं. वर्षानुवर्षं एकच परका रेणू रक्तात येत राहिला, की काहींच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. तिच्या रक्तातून बंध तासाभरात धुऊन निघत होता. सकाळची सुई दुपारपर्यंत संपलेली.”

“आधी समजलं असतं का?”

“रक्ताच्या चाचणीत समजलं असतं. दर महिन्याला चाचणी करा, असं मी लीगला सांगितलं होतं. एकदा सांगितलं. झाली की नाही, ते परत विचारलं नाही.”

“अन् चाचणीबगर?”

“मुका मार उमटला असता. निळा डाग. दुसरं लक्षण नाही.”

“मी पाहिला होता,” तनुजा म्हणाली.

डॉ. नाफडेंनी तिच्याकडे पाहिलं. त्या काही विचारतील, रागावतील असं तनुजाला वाटलं होतं. त्या नुसत्या उठून आत गेल्या.

मुळे दुसऱ्याच दिवशी वकील घेऊन आले. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात समजावलं. रोशनीच्या मेंदूतली रक्तवाहिनी जन्मापासून कमजोर होती, असं निवेदन तयार होतं. चौकशी समिती बसेल. तनुजाला फक्त एवढंच म्हणायचं होतं की तिला काही ठाऊक नव्हतं. “ते खोटंही नाही,” मुळे म्हणाले. “तुम्ही डॉक्टर थोड्याच आहात? तुम्ही काहीतरी पाहिलं. काय पाहिलं ते तुम्हाला कुठं कळलं?”

“कळलं होतं,” ती म्हणाली.

“तायडे मॅडम, तुम्ही स्वतःच्या हातानं तुरुंगात जाल.”

ती त्यांच्याकडे चालत गेली. मुळे एकदम मागं सरले आणि वकिलाच्या पायावर त्यांचा पाय पडला. तिनं फक्त दार उघडून दिलं.

समितीपुढं तिनं सगळं सांगितलं. डाग सांगितला, रोशनीचं बोलणं सांगितलं, वर आलेला हात सांगितला. कुणी विचारलं नव्हतं तरी प्रफुल्लचा जबडाही सांगितला. डॉ. नाफडेंनी चाचण्यांचं सांगितलं, आणि त्यात स्वतःलाही वगळलं नाही. लीग बंद पडली. मुळेंना अटक झाली. तनुजावर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला, आणि जामिनावर सुटून ती अकोल्याच्या घरी आली. बंध तिनं त्या लढतीनंतर घेतला नव्हता. पाच वर्षं लपलेलं काहीतरी अंगातून बाहेर पडावं, तसे सांधे ठणकत होते. ती दिवसभर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसून राहायची.

प्रफुल्ल एका दुपारी आला. तारा निघाल्या होत्या, पण शब्द अजून एका कुशीवर पडायचे. तो दारातच उभा राहिला.

“लीलाकाकूकडं गेली होती का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“चाल. मी येतो संगं.”

“तू काहून आला?”

“तू समितीले माह्यं बी सांगितलं, पेपरात वाचलं.” त्यानं चप्पल काढली नाही. “मी राहाले नाही आलो. काकूकडं जाऊन येऊ, म्हणून आलो.”

ती त्याच्या मागोमाग निघाली. रस्ताभर तो तिच्यापासून एक हात अंतर ठेवून चालत होता.

मेसवरची पोरं जेवून गेली होती. लीलाबाई एकट्याच बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, प्रफुल्लला पाट दिला, तनुजाला दिला नाही. ती उभीच राहिली.

“पोलीस आले होते,” लीलाबाई म्हणाल्या. “सरकारी वकील येऊन गेला. नाफडेबाई येऊन गेली. सगळ्याईनं मले समजावून सांगितलं. ते पटल का काय, ते बी सांगितलं. मले एकच गोष्ट कुणी सांगत नाही.”

“विचारा, काकू.”

“तिले दुखलं का वं?”

तनुजा भिंतीला टेकली.

“ती मले दर टायमाले सांगे,” लीलाबाई म्हणाल्या. “मी टीव्ही पाहून रडो तं फोन करून हसे. म्हणे, आई, ते औषध घेतलं की काहीच लागत नाही, कुणी उशी मारल्यासारखं वाटते. मी म्हणो, बरं हाय बाप्पा. मग मी बी पाहाले लागली. पोट्ट्याईसंगं बसून पाहो. टाळ्या वाजवो.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “शेवटचं सोड. ते मेंदूत गेलं, तिले समजलं बी नसन. पण त्याच्या पहिले. एवढे साल. तिले लागत होतं का नव्हतं?”

प्रफुल्लनं तनुजाकडे बघून हळूच मान हलवली. नको सांगू, असं.

“लागत होतं,” तनुजा म्हणाली. “बंधानं दुखणं थांबत नाही, काकू. मार पूर्ण लागते. फक्त दिसत नाही.”

“दर टायमाले?”

“दर टायमाले.”

“तुह्या हातचा बी?”

“हाव. माह्या हातचा सगळ्यात जास्त.”

लीलाबाई गुडघ्यावर हात रेटून उठल्या. त्यांनी तनुजाच्या तोंडावर मारलं, पोळ्या लाटून घट्ट झालेल्या हातानं, सगळा जीव एकवटून. तनुजाचं डोकं भिंतीवर आपटलं. प्रफुल्ल उठला, तर तिनं तळवा दाखवून त्याला थांबवलं आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले. लीलाबाईंनी पुन्हा मारलं, मग पुन्हा, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या छातीतून शब्द नसलेला आवाज येत होता. चौथ्या वेळी हात उगारला तेव्हा तनुजाचा खालचा ओठ दातावर फाटला होता. रक्त हनुवटीवरून ओघळून गळ्यापाशी आलं होतं आणि डाव्या डोळ्याखालची जागा बघता बघता फुगत होती.

लीलाबाईंनी ते पाहिलं. हात तसाच वर राहिला. त्या आपल्याच हाताकडे बघत होत्या, जणू तो खाली कसा आणायचा ते त्यांना आठवत नव्हतं. मग तो हळूहळू खाली आला.

“मोरीवर जाय,” त्या म्हणाल्या. “तोंड धू.”